कृष्णाबाईच्या गावात

वाईत नव्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो, "कुठल्या आळीत?" आडनावाची चौकशी नंतर होते, नोकरीधंद्याची त्याहून नंतर. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. यातलं एक नाव सांगता आलं की विचारणाऱ्याचा चेहरा सैल होतो. तुमची जागा त्याला समजलेली असते. आळी उतरत उतरत नदीकडे जाते, तिच्या टोकाला तिचा घाट असतो आणि त्या घाटाचं बरंवाईट त्या आळीने बघायचं असतं. गावाची ही वाटणी कोणी कागदावर शिकवत नाही. इथे राहायला लागलं की चार-सहा महिन्यांत ती अंगात मुरते.

मी लग्न होऊन इथे आले. पुण्याहून येताना महामार्ग सुरूरजवळ सोडायचा, मग दहा-बारा किलोमीटर आत. एवढ्या अंतराने गावाचं फार भलं केलं आहे. मोठ्या रस्त्याची घाई इथवर पोचता पोचता दमून जाते. आल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आधी कृष्णाबाईला भेटून ये, मग घर बघ." मला वाटलं, कोणी थोरली नात्यातली बाई असेल. त्यांनी हातात हळदकुंकवाची कोयरी आणि खण दिला आणि नदीची वाट दाखवली. इथे नदीला एकेरीत हाक मारतात आणि तिच्या नावापुढे बाई लावतात, घरातल्या कर्त्या बाईला लावावं तसं.

मग घर पाहिलं. जुना वाडा बाहेरून पाहणं आणि त्यात संसार करणं यात फार अंतर आहे. बाहेरून दिसतो तो दरवाजा, त्याच्यावरचे खिळे, आत डोकावलं तर चौक आणि तुळशीवृंदावन. आत राहणाऱ्याला कळतं ते वेगळंच. भिंती पांढऱ्या मातीच्या, हात-दीड हात रुंद. वैशाखात बाहेर डोळे दिपत असताना माजघरात पाठ टेकली की भिंतीचा गारवा पाठीत उतरतो. मोबाइलच्या रेंजला मात्र या भिंती भेदता येत नाहीत, बोलायचं तर चौकात यावं लागतं, आणि चौकात बोललेलं साऱ्या घराला ऐकू जातं. वाड्यात गुपित राहत नाही. आरंभी त्याचा जाच व्हायचा. पुढे लक्षात आलं, की आजारी माणसाचं कण्हणंही इथे कोणाच्या तरी कानावर पडतंच.

आमच्या दरवाज्याला अजून अडसर आहे. भिंतीत खोल बोगदा, त्यात आडवं सरकून बसलेलं सागवानी लाकूड, मनगटापेक्षा कितीतरी जाड. रात्री ते ओढून समोरच्या खोबणीत बसवायचं. ओढताना घरघर आवाज होतो आणि शेवटी एक दणका. या लाकडाची वरची कड इतकी गुळगुळीत झाली आहे, की अंधारातही हात बरोबर धरायच्या जागी जातो. तिथे लाकूड किंचित खोलगट आहे. किती पिढ्यांच्या तळव्यांनी ते झिजवलं याचा हिशोब घरात कोणाला देता येत नाही. आता बाहेर लोखंडी जाळीचं दार आहे, कुलूप आहे, तरी अडसर सरकवल्याखेरीज दिवस मिटल्यासारखा वाटत नाही.

वाड्याला माणूस लागतं, हे मात्र खरं. दर पावसाळ्याच्या आधी, मृगापूर्वी, कौलं चाळून घ्यावी लागतात. चाळणारे दोघे वर चढतात, एकेक कौल उचलतात, हातात वाजवून बघतात. नीट असेल तर त्याचा खणखणीत आवाज येतो, चीर गेलेलं कौल बदबद वाजतं. फुटकी बाजूला काढायची, वर्षभराचा पालापाचोळा, चिमण्यांच्या काड्या, माकडांनी टाकलेल्या बिया झाडून टाकायच्या, सरकलेल्या रिपा ठोकायच्या आणि पुन्हा एकावर एक रचत जायचं. त्या दोन-तीन दिवसांत घरभर धुरळा होतो आणि वरून एरवी न दिसणारा उजेड माजघरात पडतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे अण्णा एकदा आढ्यावर बसून म्हणाले, "वहिनी, वाडा वरनं मरतो. खालनं कुनी त्याला मारत नाही." हे वाक्य मी विसरलेले नाही.

गाव आजचं दिसतं तसं उभं केलं ते पेशवाईत रास्ते घराण्याने. काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७चं, ढोल्या गणपतीचं १७६२चं. वर्षं वाचून पुढे जायची सवय असते, पण या दुसऱ्या सालापाशी मी नेहमी थबकते. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही रास्त्यांची लेक. १७६१च्या जानेवारीत पानिपतावर तिचा थोरला मुलगा विश्वासराव गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नानासाहेब गेले. घराण्याची लेक अशी एका वर्षात पुत्र आणि पती गमावून बसलेली असताना तिच्या माहेरच्या गावात, नदीच्या अगदी पात्रालगत, गणपतराव रास्त्यांनी हा गणपती उभा केला. एकसंध दगडातला, सुमारे दहा फूट उंच, ऐसपैस बसलेला. या दोन गोष्टींचा कागदोपत्री संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण घाटावर संध्याकाळी बसलं की त्या बाईची आठवण येते. पुढे माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला. तिन्ही मुलं तिच्या डोळ्यांदेखत संपली. पेशवाईचा इतिहास लढायांचा म्हणून शिकवतात. त्यातल्या बायका आपापल्या माहेरी कशा आठवल्या जात असतील, हे इथे राहताना मनात येत राहतं.

या देवळाची पाठ मला त्याच्या तोंडाइतकीच प्रिय आहे. पूर येतो त्या बाजूची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे. पाणी येऊन आदळतं, दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. बांधणाऱ्यांनी पुराशी भांडण मांडलेलं नाही. पाणी येणार, गणपतीपर्यंत येणार, हे धरूनच त्यांनी पाया घातला. श्रावणात संततधार लागली की सारं गाव एकदा तरी नदीवर जाऊन येतं. कितवी पायरी बुडाली, हे बघायचं असतं. धोमचं धरण झाल्यापासून पाणी सोडल्याची सूचना आधी फोनवर येते, तरी माणसं जाऊन बघतातच. छत्री तिरकी धरून उभी असलेली म्हातारी माणसं कुठल्या साली पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवतात. एकाचं बोट दुसऱ्याच्या बोटाहून वर जातं, मग दोघांत वाद, मग तिसऱ्याची साक्ष. गणपतीच्या पायांना पाणी लागलं की कोणी घाबरत नाही, हात जोडतात. पूर ओसरला की आळीतली पोरं फावडी, बादल्या घेऊन गाळ काढायला उतरतात. तो गाळ काढल्याशिवाय कोणी स्वतःला त्या आळीचं म्हणवत नाही.

या गावाचा खरा जीव मला सापडला तो कृष्णाबाईच्या उत्सवात. माघात एका घाटावर मांडव पडतो आणि तिथून तो घाटाघाटाने फिरत पार चैत्राच्या उंबरठ्यापर्यंत जातो. एका घाटाचा उत्सव झाला की दुसऱ्याचा. सगळे घाट मिळून एक मोठा सोहळा करावा, असं इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नसेल असं नाही, पण तसं झालं नाही आणि ते फार बरं झालं. प्रत्येक घाटाची स्वतःची कृष्णाबाई, स्वतःचा मांडव, स्वतःचा स्वयंपाक. आपली पाळी आली की आळीतल्या कोणत्याही घराला अंग चोरता येत नाही. डॉक्टर पत्रावळी वाढतो, शिक्षक पाण्याचा जग घेऊन फिरतो. परगावी गेलेले चुलत, मावस, आते सगळे त्या दिवसांत येतात. दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, उत्सवाला येतात.

देवीला त्या दिवसांत नेसवतात, नटवतात, नदीकडे तोंड करून बसवतात. बायका ओटी भरायला रांगेत उभ्या राहतात. त्या रांगेत काय नसतं! कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणी घर विकायला काढलं, सारं तिथे कळतं. संध्याकाळी कीर्तन, नाहीतर गाणं. पेटीचा सूर पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन थोडा उशिरा परत येतो, गाणारा सरावाचा असेल तर त्या उशिराशी खेळतो. मी अनेक सभागृहांत गाणं ऐकलं आहे. दगडी पायऱ्यांवर, मांडीवर झोपलेलं पोर घेऊन ऐकलेल्या गाण्याची सर त्यातल्या कशालाही आली नाही.

परंपरा सांगते, की या उत्सवाचं मूळ अफझलखानाच्या स्वारीत आहे. वाई हा खानाचा सुभा. १६५९ साली शिवाजीराजांवर चालून येताना त्याचा तळ इथेच पडला होता. संकट टळू दे, तुझा उत्सव करू, असा नवस तेव्हा कृष्णेला केला गेला, असं घरोघरी सांगतात. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते महाराष्ट्रातलं शेंबडं पोरही सांगेल. मला त्याहून थोर वाटते ती नंतरची गोष्ट. संकट टळल्यावर नवस एकदा फेडून माणसं मोकळी होतात. हे गाव तो अजून फेडतं आहे. ज्यांनी तो बोलला ते गेले, ज्याच्या भीतीने बोलला तो गेला, राज्यं आली आणि गेली, आणि माघ आला की कोणीतरी मांडवाचे बांबू मोजायला लागतं.

हे सगळं गोड आहे, पण जुन्या गावाच्या पोटात फक्त गोडवा नसतो. आळ्यांची नावं पुन्हा वाचावीत. कोणी कुठे राहायचं, कोणी कुठल्या पायरीवर उतरायचं, कोणी मुळीच उतरायचं नाही, हेही या घाटांनी पाहिलेलं आहे. ते झाकून वाईचं कौतुक करणं मला जमत नाही. आणि झाकायची गरजही नाही, कारण त्याला एक खणखणीत उत्तर याच गावातल्या शास्त्र्यांनी दिलं. नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. १९१७ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे शिकायला आले होते. खानदेशातल्या पिंपळनेरहून एक पोरसवदा विद्यार्थी इथे आला आणि इथलाच झाला, ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. अस्पृश्यतेला धर्मशास्त्राचा आधार नाही, हे त्यांनी शास्त्राचीच पोथी उघडून मांडलं. १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह लागला, त्याचं पौरोहित्य तर्कतीर्थांनी केलं. ज्या गावात सोवळ्याओवळ्याचे नियम काटेकोर होते, तिथल्याच पाठशाळेत शिकलेल्या माणसाने हे करावं! जुन्या गावाचा अभिमान धरायचाच असेल तर मी या गोष्टीचा धरते.

तर्कतीर्थ इथे राहत म्हणून मराठी विश्वकोशही इथे आला. मुंबई नाही, पुणे नाही. एका भाषेला जगातलं सारं ज्ञान आपल्या शब्दांत मांडायचं होतं, आणि ते काम गंगापुरीत, तालुक्याच्या गावी बसून झालं. पहिला खंड १९७६ साली निघाला, पुढे अकारविल्हे वीस खंड झाले. भौतिकी, वनस्पती, संगीत, युद्धशास्त्र, ज्याला जे येतं ते घेऊन माणसं इथे नोकरीला आली आणि वाड्यांमधून बिऱ्हाडं करून राहिली. भाजी घेताना शेजारी उभा असलेला माणूस ग्रहगोलांवरची नोंद तपासून आलेला असायचा. त्या पिढीच्या गोष्टी मी थोरांकडून ऐकल्या. मे महिन्यातल्या वसंत व्याख्यानमालेला आजही उन्हं कलल्यावर लोक येतात आणि वक्त्याने साल चुकवलं तर कार्यक्रम संपल्यावर त्याला गाठून नम्रपणे दुरुस्त करतात. हा धाक या गावाने टिकवला पाहिजे.

मेणवलीचं तर काय सांगावं. तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा, खाली चंद्रकोरीसारखा घाट आणि तिथे टांगलेली ती घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. पाहुण्यांना मी ती आवर्जून हात लावून बघायला सांगते. सिनेमावाल्यांना हा परिसर फार आवडतो. 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे हाच घाट, 'गंगाजल' आणि 'दबंग'मध्ये वाई कधी बिहार झाली, कधी उत्तर प्रदेश. पडद्यावर आपली पायरी ओळखू आली की पोरं ओरडतात. त्यावर अधिक लिहिण्याजोगं काही नाही.

शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग गावात लागते. ढोल्या गणपतीपाशी अर्धा तास, फोटो, की पसरणीच्या घाटाने वर. थांबतात त्यांचं स्वागतच आहे. पण अर्ध्या तासात वाई दिसत नाही. ती दिसायला हळद शिजण्याच्या दिवसांत यावं लागतं, शिवारातून येणारा तो कडवट, ओला, मातकट वास पहाटे गल्लीत भरलेला असतो तेव्हा. बावधनच्या बगाडाच्या दिवशी यावं लागतं. आणि काहीच नसतं अशा एखाद्या मंगळवारी दुपारी यावं लागतं, घाटावर धुणं आपटल्याचा आवाज समोरच्या देवळाच्या भिंतीवर फुटतो आणि पांडवगडावर ढगाची सावली सरकत असते तेव्हा. जुनं गाव जिवंत आहे की नाही हे ठरवण्याची माझी एकच कसोटी आहे. त्याच्या दगडांवर अजून कोणी कपडे धुतं का, मुलांना पोहायला शिकवतं का, सुपारी फोडत बसतं का? वापर थांबला की दोरी लागते, पाटी लागते, तिकीट लागतं. तसं झालेली गावं मी पाहिली आहेत. ती स्वच्छ असतात, पण तिथे रात्री दिवा लागत नाही.

वाईला ती भीती नाही असं मी म्हणणार नाही. नदीत सांडपाणी येतं, उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि काठच्या घरांत डासांनी झोप लागत नाही. कृष्णाबाईला खण वाहायचा आणि तिच्यातच प्लास्टिकची पिशवी सोडायची, हे एकाच हाताने होताना बघवत नाही. तरुण मुलं पुण्याला जातात, त्यांनी जावंच. पण वाड्यांचं काय? एकेका वाड्याच्या उताऱ्यावर दहा-पंधरा नावं. त्यातली निम्मी पुण्या-मुंबईत, काही अमेरिकेत. कोणाचं कोणाशी वैर असतं असं नाही. फक्त खर्च कोणी करायचा हे ठरत नाही. आणि ते ठरत नाही तोवर वर एक कौल सरकलेलं असतं.

मी हे अगदी जवळून पाहिलं. आमच्या आळीतला एक वाडा, वर्षातून एकदा उघडणारा. पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर हाताएवढा ओला डाग. दुसऱ्या वर्षी तो डाग वाशाच्या मुळाशी पोचला, जिथे लाकूड मातीत शिरतं तिथे. लाकडाला तिथेच कूज लागते, वाळवी तिथूनच चढते. तिसऱ्या वर्षी वासा खचला, त्याच्यासकट कौलांची एक ओळ चौकात आली. आता पांढऱ्या मातीच्या भिंतीवर पाऊस थेट पडू लागला आणि ती माती शेवटी मातीच, साखरेसारखी विरघळली. त्यानंतर वारसांची बैठक बसली. इतकी वर्षं न जमलेली माणसं एका दुपारी जमली, त्यांच्यात पटकन एकमत झालं आणि बिल्डरला जागा गेली. नक्षीचे खांब कोणीतरी फार्महाऊससाठी नेले. तिथे आता चार मजली इमारत आहे, तिला लिफ्ट आहे, तिथे राहणारे लोक चांगले आहेत. मी त्यांना दोष देत नाही. पहिल्या वर्षी दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी खर्ची पडली असती, तर तो वाडा आज उभा असता.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं नाव वाईत, पैठणात, सासवडला, मिरजेत, कुठल्याही जुन्या गावातल्या घराच्या उताऱ्यावर आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. वाटण्या होतील तेव्हा होतील. वाडा विकायचा की राखायचा, हेही सावकाश ठरवा. पण यंदा मृगाच्या आधी कोणी एकाने पुढे होऊन पैसे पाठवा, आणि कौलं चाळून घ्या.